रतनगड चढायचा, सांदण उतरायची: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावाच्या पठारावर उभे राहून कितीही पाहिले तरी सांदण दरी दिसत नाही. रतनगड दिसतो, त्याला बिलगून उभा असलेला खुट्ट्याचा सुळका दिसतो, अलंग-मदन-कुलंगची रांग दिसते. दरी मात्र पायाखाली असते. गावातून अर्धा तास चालल्यावर झाडीत जमीन अचानक फाटते आणि वाट त्या भेगेत उतरते. सह्याद्रीचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. त्यातल्याच एका भेगेत पाणी शिरत गेले, दगड झिजत आणि निखळत गेला आणि दोनशे-तीनशे फूट खोल घळ तयार झाली. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की दोन माणसे शेजारी शेजारी जेमतेम मावतात.

रतनगड आणि सांदण दोन दिवसांत मिळून करता येतात आणि नवख्याने ती याच क्रमाने करावीत. आधी गड, मग दरी. गडावरून सगळा मुलूख एकदा नजरेखालून जातो: पाणी कुठून कुठे वाहते, कडा कुठे तुटतो, कोकण किती खाली आहे. दरीत उतरल्यावर डोक्यावर आभाळाची एक पट्टी उरते, तेव्हा आदल्या दिवशी पाहिलेले उपयोगी पडते. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. रतनगडावर दमलात तर मागे फिरता येते. सांदणीत कड्याचे टप्पे दोरावरून उतरावे लागतात. पहिला टप्पा उतरून दोर खाली ओढला की मागे फिरता येत नाही. आपले गुडघे, दम आणि उंचीची भीती यांची परीक्षा आधी गडावर होऊ द्या.

केव्हा जायचे

रतनगडासाठी सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. सप्टेंबरात सोनकीने पठारे पिवळी होतात, पण कातळावर शेवाळ असते आणि शिड्या ओल्या असतात. नोव्हेंबरनंतर वाट कोरडी होते. मार्चनंतर ऊन सोसत नाही आणि गडावरच्या टाक्यांतल्या पाण्याचा भरवसा राहत नाही.

सांदणीचे गणित वेगळे आहे. पावसाळ्यात ती बंद असते आणि ती बंदी मोडण्याची इच्छासुद्धा धरू नका. घाटघर-भंडारदरा हा काही हजार मिलिमीटर पावसाचा मुलूख आहे. पठारावर पडलेले पाणी ज्या चिंचोळ्या भेगेतून खाली जाते त्याच भेगेत तुम्ही उभे असता. दोन्ही बाजूंना उभे कातळ, वर चढून जायला जागा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या अवकाळी पावसालाही हाच नियम लावा. दरीवर ऊन पडलेले असते आणि वरच्या अंगाला सर कोसळत असते, तेवढे पुरते. आदल्या रात्री पाऊस झाला असेल किंवा दुपारी ढग दाटण्याचा अंदाज असेल तर बेत रद्द करा. नवख्यांना सगळ्यात सोयीचा काळ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा. तोवर पाणी ओसरलेले असते आणि तळाशी पिण्यापुरते पाणी बहुधा मिळते. एप्रिल-मेमध्ये दरीच्या वाटेत आडवे येणारे पाणवठे जवळजवळ सुकतात, चालणे सोपे होते, पण तळाशीही पाणी मिळत नाही आणि तळातून साम्रदला परत आणणाऱ्या करोली घाटाची चढण भट्टीसारखी तापते.

शक्यतो शनिवार-रविवार टाळा. सुट्टीच्या दिवशी दोर लावायच्या जागी दोन-तीन गट रांगेत उभे असतात. त्या रांगेचा परिणाम काय होतो ते पुढे येईलच.

कसे पोहोचायचे

मुंबई-नाशिकहून घोटी, तिथून बारीमार्गे शेंडी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूरमार्गे शेंडी. शेंडी म्हणजेच भंडारदरा धरणाचे गाव. तिथून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. एका अंगाने मुतखेल, रतनवाडी, कोलटेंभे करत साम्रद, दुसऱ्या अंगाने मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर करत साम्रद. रेल्वेने आलात तर कसारा किंवा इगतपुरीला उतरून जीप ठरवावी लागते. एसटी आहे, पण मोजकी. परतीची गाडी चुकली तर मुक्कामच. डिझेल-पेट्रोल आणि रोख पैसे घोटी किंवा राजूरलाच घ्या. साम्रदमध्ये मोबाइलची रेंज येते-जाते आणि दरीत अजिबात नसते.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून शुल्क भरावे लागते. पावती जपून ठेवा. दारू, लाउडस्पीकर आणि वाटेल तिथे शेकोटी चालत नाही. तंबू कुठे लावता येतो हे नाक्यावर आणि गावात दोन्हीकडे विचारा, कारण नियम हंगामागणिक बदलतात.

साम्रद आणि रतनवाडीत घरगुती राहण्या-जेवण्याची सोय होते. दोन दिवस आधी फोन करून माणसांचा नेमका आकडा सांगा. भाकरी थापणाऱ्या बाईला रात्री नऊ वाजता "आणखी सहा जण आहेत" असे सांगणे बरे नव्हे. वाटाड्याही तेव्हाच ठरवा. गडासाठी तो असला तर बरा, सांदण आणि करोली घाटासाठी तो हवाच. गावातला माणूस घ्या. तिथली महादेव कोळी आणि ठाकर मंडळी याच डोंगरात गुरे राखत आणि हिरडा गोळा करत वाढलेली असतात. त्या आठवड्यात पाणी किती आहे आणि आग्या मोहोळ कुठे बसले आहे, हे त्यांनाच ठाऊक असते.

पाठीवर काय

दोन दिवसांसाठी ३५ ते ४० लिटरची पाठपिशवी पुरते. भरल्यावर ती ७-८ किलोच्या वर जाऊ देऊ नका. दरीतल्या धोंड्यांवरून उड्या मारताना जास्तीचा प्रत्येक किलो तोल घालवतो. पाठपिशवीच्या बाहेर काहीही लटकवू नका. बाटल्या, चपला, गुंडाळलेली चटई हे सगळे कपारीत अडकते आणि माणूस मागे खेचला जातो.

पाणी माणशी ३ लिटर, मार्चनंतर ४. त्याखेरीज ओआरएसची चार पाकिटे आणि क्लोरीनच्या गोळ्या. बूट घोट्यापर्यंत आधार देणारे आणि खोल खाचांच्या रबरी तळाचे घ्या. नवे कोरे बूट नकोत, निदान दोन-तीन लांब चालींत पायांत बसलेले हवेत. मोजे तीन जोड. एक पाणवठ्यापर्यंतचा, एक त्यानंतरचा, एक रात्रीचा. जीन्स घालू नका. ती एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या सोलून काढते. पातळ, लवकर वाळणारी पँट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा चांगला. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी असते, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवी.

डोक्याला लावायची विजेरी प्रत्येकाकडे हवी आणि तिचे जादा सेल वेगळे हवेत. मोबाइलची विजेरी म्हणजे विजेरी नव्हे. एक हात तिच्यातच अडकतो. पाठपिशवीत आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळे सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून बांधा. नुसते बाहेरचे रेन कव्हर छातीभर पाण्यात काही कामाचे नाही. औषधांत चिकटपट्टी, क्रेप बँडेज, गॉज, जंतुनाशक, वेदनाशामक गोळ्या आणि ज्याची त्याची नेहमीची औषधे. दमा असेल तर पंप खिशात ठेवा, पिशवीत नको.

अत्तर, सुगंधी तेल, डिओ यांतले काहीही लावू नका. कारण आहे आग्या मधमाशी.

पहिला दिवस: रतनगड

रतनगडाची उंची सुमारे १२९७ मीटर. चढाईची सोपी आणि रुळलेली वाट रतनवाडीतून जाते. तिथल्या कोरीव अमृतेश्वर मंदिरापासून सकाळी साडेसहा-सातला निघा. मंदिर आणि शेजारची पुष्करणी पाहायला वेळ हवा असेल तर तो परतीच्या वेळी काढा.

पहिला तासभर वाट ओढ्याच्या काठाने जाते आणि तो अनेकदा ओलांडते. हीच प्रवरा. रतनगडाच्या कुशीत उगम पावून ती खाली १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणात जाते. ओढा ओलांडताना पलीकडची मळलेली वाट नजरेत आल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवखे इथेच चुकतात. पात्रातून सरळ वर चालत राहतात आणि वाट शेजारच्या झाडीत शिरलेली त्यांना दिसत नाही. पाच मिनिटे पाऊलखूण, दगडांची रास किंवा बाणाची खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत या.

त्यानंतर वाट दाट जंगलातून खडी चढते. शेकरू याच झाडीत असते. मोठा आवाज न करता चाललात तर वरच्या फांद्यांत तिची लांब शेपटी दिसण्याची आशा असते. पुढे फाटा लागतो. एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या दिशेने जाते. गडाची वाट उजव्या अंगाने वर चढते. इथे चुकलात तर तासाभराने लक्षात येते आणि दिवसाचे वेळापत्रक कोसळते.

दोन-अडीच तासांत लोखंडी शिड्या येतात. ही गडावरची निर्णयाची जागा. शिडीखाली दहा मिनिटे बसा, पाणी प्या, मग चढा. एका वेळी एका शिडीवर एकच माणूस. तोंड शिडीकडे, दोन्ही हात मोकळे, काठी पिशवीला घट्ट बांधलेली. तीन टेकू टिकवून एकच हात किंवा पाय हलवा. पायरीला पावलाची टोके टेकवू नका, मधला भाग टेकवा. ज्याला उंचीची भीती वाटते त्याच्या खाली एक अनुभवी माणूस ठेवा आणि त्याला समोरच्या कातळाकडे पाहत चढू द्या. तरीही पाय लटपटत असतील तर त्याने इथेच थांबावे आणि त्याच्यासोबत एकाने थांबावे. जो ही शिडी उतरताना घाबरतो त्याने दुसऱ्या दिवशी दोरावर जायचा आग्रह धरू नये.

शिड्यांनंतर गणेश दरवाजा आणि हनुमान दरवाजा. वाटेत गुहा आहेत, एकीत रत्नादेवीचे ठाणे. माथ्यावर राणीचा हुडा हा बुरूज, कोकण दरवाजा आणि कातळात खोदलेली बरीच टाकी. पाणी काढायचे ते स्वच्छ टाक्यातूनच आणि गोळी टाकून. टाक्यात उतरू नका, हातपाय धुऊ नका.

मग नेढे. कातळाच्या धारेला आरपार पडलेले हे भोक म्हणजे गडाचा सर्वांत उंच भाग. वारा त्यातून इतक्या जोराने वाहतो की टोप्या, चष्मे आणि हातातले मोबाइल उडून जातात. आत बसायला जागा आहे, पण पलीकडची बाजू सरळ तुटलेली आहे. नेढ्यात बसूनच फोटो काढा, काठावर उभे राहून नको. इथून कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, आजोबा, कात्राबाई आणि हवा स्वच्छ असेल तर हरिश्चंद्रगड ओळखता येतो. साम्रदची बाजू शोधून काढा आणि पठार कुठे कोकणाकडे तुटते ते पाहा. उद्या तिथूनच खाली जायचे आहे.

उतरायला दोन पर्याय आहेत. आल्या वाटेने शिड्यांवरून परत, किंवा त्र्यंबक दरवाजातून खुट्ट्याच्या बाजूने साम्रदला. दुसरी वाट फार देखणी आहे आणि थेट मुक्कामाच्या गावी नेते, पण त्र्यंबक दरवाजाखालच्या कातळकोरीव पायऱ्या उंच, झिजलेल्या आणि उभ्या आहेत. डिसेंबरनंतर, कोरड्या दिवशी, वाटाड्या सोबत असेल आणि दुपारी एकपर्यंत दरवाजात पोहोचला असाल तरच ती घ्या. पायऱ्यांवर कातळाकडे तोंड करून उलटे उतरा, शिडी उतरावी तसे. गुडघ्यापेक्षा मोठी पायरी आली तर पाठपिशवी आधी खाली द्या. गाडी रतनवाडीत राहते, ती साम्रदला आणण्याची सोय सकाळीच करून ठेवा.

रात्री लवकर जेवा. पिठले-भाकरी आणि ठेचा मिळाला की हात आखडत नाही, पण ठेचा बेताने खा. उद्या दिवसभर जिथे जाणार आहात तिथे आडोसा नाही.

दुसरा दिवस: सांदण

सकाळी साडेसहाला दरीच्या दिशेने निघा. उशीर का चालत नाही ते आकड्यांत पाहा. पंधरा जणांचा गट असेल आणि दोरावर प्रत्येकाला ८ मिनिटे लागत असतील तर पहिल्या मोठ्या टप्प्यालाच दोन तास जातात. खालचे दोन लहान टप्पे प्रत्येकी ४-५ मिनिटे धरले तरी आणखी दोन-अडीच तास. तुमच्या आधी दुसरा एक गट असला की हे दुप्पट. दरीत ऊन फक्त दुपारी थोडा वेळ उतरते आणि हिवाळ्यात चारपासूनच अंधारू लागते. दहापर्यंत पहिल्या दोरापाशी पोहोचला नाहीत तर शेवटचा माणूस अंधारात उतरणार, हे धरून चाला. गट दहा-बाराचाच ठेवा.

दरीच्या तोंडाशी झरा आहे, तिथून गावकरी पाणी भरतात. बाटल्या भरा आणि पुढे सरका. तिथे बूट धुऊ नका.

थोडे उतरल्यावर पहिला पाणवठा येतो. डिसेंबरात त्यात गुडघा ते मांडीभर पाणी असते. दुसरा त्याच्यापेक्षा खोल, कमरेपासून छातीपर्यंत. फेब्रुवारीनंतर दोन्ही बरेच ओसरतात. पाण्यात बूट काढू नका, तळाशी धारदार दगड आहेत. मोजे मात्र काढून कोरडे ठेवा, नुसते बूट घाला, पलीकडे गेल्यावर पाणी निथळून मोजे चढवा. एका भिंतीला हात लावून चाला, पाऊल उचलून न टाकता तळावरून सरकवत न्या. पिशवी डोक्यावर धरली की तोल जातो. त्यापेक्षा पलीकडे एक उंच माणूस उभा करून पिशव्या हातोहात पोचवा. पोहता न येणाऱ्याला मधे ठेवा. पाणी नेहमीपेक्षा गढूळ वाटले, पातळी वाढताना दिसली किंवा पाण्यातून काड्या-पाने वाहत आली तर थांबून चर्चा करू नका. सगळे लगेच मागे फिरा.

बाहेर आल्यावर ओले कपडे लगेच बदला. सावलीत, वाऱ्यात, ओल्या अंगाने तासभर दोराची वाट पाहताना माणसे कुडकुडू लागतात, बोटे बधिर होतात आणि त्याच बोटांनी पुढे दोर धरायचा असतो.

पाणवठ्यांनंतर धोंड्यांचे राज्य. हातगाडीएवढ्यापासून खोलीएवढ्यापर्यंत. इथे सगळ्यात जास्त घोटे मुरगळतात. धोंड्याच्या कडेवर पाऊल टाकू नका, माथ्यावर टाका. भार टाकण्याआधी पायाने दाबून पाहा, हलणारा दगड तेव्हाच कळतो. उडी मारण्यापेक्षा बसून, हात टेकून उतरा. पँट फाटली तर फाटू द्या. दोन माणसांत किमान पाच-सहा फूट अंतर ठेवा आणि उभ्या उतारावर एकाच्या थेट वर दुसऱ्याने राहू नये. दगड सुटला तर "दगड!" अशी आरोळी ठोका. ती ऐकणाऱ्याने वर पाहू नये. भिंतीला चिकटून मान आत घ्यावी. शिरस्त्राण दोरापुरते नाही, दरीत शिरल्यापासून डोक्यावर हवे.

घळीच्या भिंतींवर आग्या मोहोळे असतात. आरडाओरडा, शिट्ट्या, धूर, प्रखर फ्लॅश आणि ड्रोन यांतले काहीही मधमाश्यांना उठवते. त्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड आणि मान कापडाने झाका आणि जमेल तेवढ्या लवकर त्या जागेपासून दूर व्हा. दोरावर असणाऱ्याला पळता येत नाही, म्हणून मोहोळ जवळ असेल तर दोर लावायचाच नाही.

ज्यांना फक्त दरी पाहायची आहे त्यांनी या धोंड्यांच्या टप्प्याअखेर, दोर लावण्याच्या जागेआधी, परत फिरावे. ती पूर्ण चाल आहे, अर्धवट नव्हे. पहिल्या भेटीत बहुतेकांनी एवढेच करावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोर

दोर लावणे हे नवख्याचे काम नाही. प्रशिक्षित माणूस आणि त्याचे सामान असल्याशिवाय पुढे जाऊ नका. पण सोबतचा माणूस काम नीट करतो आहे की नाही हे तुम्हाला ओळखता आले पाहिजे.

पहिला टप्पा साधारण चाळीस-पन्नास फुटांचा आहे. दोर दुहेरी टाकावा लागतो, कारण शेवटच्या माणसानंतर तो खालून ओढून घ्यायचा असतो. पन्नास फूट म्हणजे १५ मीटर, दुहेरी ३० मीटर, वर आधाराला आणि गाठींना लागतो तो वेगळा. म्हणजे ३० मीटरचा दोर अपुरा. किमान ४० मीटरचा हवा आणि सुरक्षेचा दुसरा दोर वेगळा हवा. आधार कातळात ठोकलेल्या एकाच बोल्टवर नको, दोन स्वतंत्र जागी हवा. जुन्या, उन्हाने पांढुरक्या झालेल्या स्लिंगवर, म्हणजे आधाराला बांधलेल्या पट्ट्यावर, विसंबू नये. दोरावर कुठे साल निघालेली, पोकळ लागणारी किंवा कडक झालेली जागा असेल तर तो दोर बाद.

तुमची पाळी आली की स्वतः तपासा. हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) कमरेच्या हाडांच्या वर घट्ट आहे का, बकलमधून पट्टा परत ओवला आहे का, कॅराबिनरचा (धातूच्या कडीचा) स्क्रू बंद आहे का, दोर डिसेंडरमधून (उतरण्याचा वेग आवरणाऱ्या साधनातून) बरोबर गेला आहे का, सुरक्षेचा दोर जोडला आहे का. केस बांधा, सदरा खोचा, गळ्यातली माळ आणि ओढणी आत घाला. डिसेंडरमध्ये केस किंवा कापड अडकले की माणूस अधांतरी लटकतो आणि त्याला सोडवणे फार अवघड जाते. जाड कातडी हातमोजे घाला.

उतरताना पाय खांद्याएवढे फाकवा, तळवे कातळावर सपाट टेकवा आणि अंग मागे झोकून द्या. नवखे घाबरून कातळाला कवटाळतात. मग तळव्यांची पकड जाते, पाय घसरतात आणि गुडघे आपटतात. मागे झुकाल तेवढे पाय घट्ट रोवतील. खालचा हात, बहुतेकांचा उजवा, कमरेशी. हाच तुमचा ब्रेक. काहीही झाले तरी तो सुटता कामा नये. वरचा हात फक्त तोलाला. उड्या मारू नका, लहान पावले टाका. पाय घसरलाच तर खालचा हात कमरेमागे घट्ट दाबा, जागच्या जागी थांबाल. खाली पोहोचल्यावर दोरातून सुटा, दगड पडण्याच्या रेषेतून दहा-पंधरा फूट बाजूला व्हा, मग "रोप फ्री" अशी हाक द्या. खाली एक माणूस कायम दोर हातात धरून उभा असावा. वरच्याचा हात सुटला तर खालून दोर ताणून त्याला थांबवता येते. शेवटच्या माणसाला वरून सुरक्षा नसते, म्हणून तो गटातला सर्वांत जाणकार असावा.

दोर ओढण्याआधी दोन गोष्टी. टोकाला गाठ मारली असेल तर ती सोडा, नाहीतर ती वर जाऊन अडकते आणि दोर हातचा जातो. आणि गटाला एकदा विचारा, सगळे ठीक आहेत ना. कोणाला ताप, कोणाचा घोटा, कोणाची भीती, जे काही असेल ते आत्ताच. खालचे टप्पे लहान आहेत, पण मागचा रस्ता आता बंद झालेला असतो.

तळ आणि बाहेरची वाट

शेवटच्या टप्प्यानंतर दरी रुंदावते, झाडी सुरू होते आणि बाणाचा सुळका अंगावर येतो. मुक्काम करायचा असेल तर पात्रात नव्हे आणि कड्याच्या थेट खालीही नव्हे. पात्रापासून वर, सपाट, दगड न पडलेल्या जागी. वाटाड्याला ती जागा ठाऊक असते. बूट झोपताना तंबूत घ्या आणि सकाळी झटकून घाला. हा फुरशाचा आणि विंचवाचा मुलूख आहे. लाकडाला किंवा दगडाला हात घालण्याआधी विजेरी मारा.

साप चावलाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, चावलेला भाग फळीने स्थिर करा, माणसाला चालू देऊ नका, उचलून न्या. खालच्या बाजूने शहापूरचे आणि वरच्या बाजूने राजूर-अकोल्याचे सरकारी रुग्णालय गाठायचे असते. रेंज मिळताच १०८ किंवा ११२. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक निघण्याआधीच कागदावर लिहून घ्या, कारण मोबाइल भिजलेला असू शकतो.

इथून बाहेर पडायला दोन वाटा. एक उतरत ठाणे जिल्ह्यातल्या डेहणे गावी, दोन-तीन तासांची. तिथून शहापूरमार्गे आसनगाव स्टेशन गाठता येते. मुंबईकरांना ही सोयीची, फक्त जीप आधी सांगून ठेवावी लागते. दुसरी करोली घाटाने पुन्हा साम्रदला, चार ते पाच तासांची चढण. ओढ्याचे पात्र, झाडी, अधूनमधून कातळाचे टप्पे अशी ही वाट आहे. फाटे पुष्कळ आहेत आणि मळलेली दिसणारी प्रत्येक वाट वर जात नाही. काही ढोरवाटा आहेत. सकाळी सातच्या आत निघा, म्हणजे ऊन कलायच्या आत माथा गाठता येईल. माणशी किमान २ लिटर पाणी हातात ठेवून चढा.

एकाच दिवसात सांदण उतरून करोली चढायचा बेत काही गट आखतात. नवख्यांनी तो आखू नये. सगळ्या चुका संध्याकाळी पाचनंतर होतात, पाय थकलेले असताना आणि वाट दिसत नसताना.

कचरा सगळा परत आणा, ओल्या टिश्यूंसह. दरीत टाकलेली प्लास्टिकची पिशवी पहिल्या पावसात वाहत डेहण्याच्या ओढ्यात जाते आणि तिथली गुरे ती खातात.

साम्रदहून निघताना ज्यांच्या घरी जेवलात त्यांना तुमची बाहेर पडण्याची वाट, माणसांची संख्या आणि पोहोचण्याची वेळ सांगितलेली असेल. डेहण्याला उतरलात तर रेंज येताच पहिला फोन त्यांना करा. फोन आला नाही तर गावातली माणसे रात्री विजेऱ्या घेऊन दरीत उतरतात.